टीव्हीच्या पाठीमागे : काळा पडदा आणि ‘एचडीसीपी’ची ओळ

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं जास्त आहेत. टीव्ही चालू, डबा (सेट-टॉप बॉक्स) चालू, केबल नवीकोरी, आणि पडद्यावर चित्राऐवजी इंग्रजीतली एक ओळ : ‘एचडीसीपी एरर’. मिरजेतल्या आमच्या दुकानातही हल्ली हेच गाऱ्हाणं घेऊन माणसं येतात आणि निम्म्याहून जास्त जणांना टीव्ही न उघडताच घरी पाठवावं लागतं. म्हणून हा अंक सगळा याच विषयाला. मिक्सर आणि गिझरवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

प्रश्न : काका, आमचा ३२ इंची टीव्ही दहा-अकरा वर्षांचा आहे. केबलवाल्याने नवा एचडी डबा बसवून दिला. बातम्या, मालिका व्यवस्थित दिसतात, पण क्रिकेटचं एचडी चॅनल लावलं की पडदा काळा होतो आणि ‘एचडीसीपी’ असं काहीतरी येतं. गावातल्या मेकॅनिकने मदरबोर्ड गेलाय, नवा टीव्ही घ्या, असं सांगितलं. ह्यांना मॅचशिवाय चैन पडत नाही. काय करू? — निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, टीव्ही घेऊ नका. ज्या केबलवरून, ज्या पोर्टातून बातम्या दिसतात, त्याच पोर्टात क्रिकेट काळं पडत असेल तर पॅनल शाबूत आहे आणि मदरबोर्डही शाबूत आहे. मदरबोर्डला बातम्या आणि क्रिकेट यांतला फरक कळत नाही. तो फरक डब्याला कळतो. काही डबे सगळ्याच चॅनलांना कुलूप लावतात, काही फक्त एचडी किंवा महागड्या चॅनलांना. तुमचा डबा दुसऱ्या जातीचा दिसतोय.

एचडीसीपी म्हणजे चित्राला लावलेलं कुलूप. इंटेल कंपनीने ते २००० साली आणलं आणि २००२च्या अखेरीस एचडीएमआय (डबा टीव्हीला जोडणारी डिजिटल तार) निघाल्यावर ते त्या पिनेबरोबर घरोघरी पोचलं. सिनेमावाल्यांची धास्ती अशी, की या तारेतून डिजिटल चित्र जसंच्या तसं बाहेर पडतं. मधे कुणी रेकॉर्डर लावला तर हुबेहूब प्रत हातात येईल. म्हणून डबा चित्र गुपित करून पाठवतो आणि समोरच्याकडे किल्ली आहे याची खात्री पटल्यावरच पाठवतो. रजिस्टर पोस्ट आठवा : दार उघडून सही केलीत तरच पाकीट हातात, नाहीतर पोस्टमन परत. इथला पोस्टमन एकदा सही घेऊन थांबतही नाही. जुन्या पद्धतीच्या एचडीसीपीत साधारण दर दोन सेकंदांनी तो पुन्हा दार वाजवतो.

आता ही सही कुठे होते ते बघा, म्हणजे पुढचे उपाय पटतील. एचडीएमआयच्या पिनेत १९ टोकं असतात. १८ नंबरवरून डबा टीव्हीकडे ५ व्होल्ट पाठवतो. ते मिळाले की टीव्ही १९ नंबरवरून ‘मी हजर आहे’ असं कळवतो. मग १५ आणि १६ या दोन टोकांवरून टीव्ही आपली माहिती सांगतो आणि किल्ल्यांची देवाणघेवाण होते. चित्र वेगळ्याच तारांवरून जातं. त्यामुळे चित्राच्या तारा ठणठणीत असल्या तरी १५-१६ला गंज धरला, पीन अर्धवट बसली किंवा डबा टीव्हीच्या आधी जागा झाला, तरी काळा पडदा दिसतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. टीव्ही आणि डबा दोन्ही भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करा. रिमोटने नको, रिमोटने बंद केलेली वस्तू झोपलेली असते, मेलेली नसते. एचडीएमआयची तार दोन्हीकडून काढा, चहा होईपर्यंत तशीच ठेवा. पिनेवर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. कोरड्या मऊ ब्रशने झटका. मग पीन शेवटपर्यंत बसवा. आधी टीव्ही चालू करा, रिमोटने तो बरोबर इनपुटवर आणा, आणि त्यानंतर डब्याचं बटण दाबा. हा क्रम महत्त्वाचा. मिरजेत मी निम्मी गिऱ्हाइकं फोनवर एवढं सांगूनच मार्गी लावतो.

त्याने भागलं नाही तर तार टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात लावून बघा, नंतर तार बदला. लांब नको, हातभर पुरे. मग डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १०८० वरून ७२० वर आणा, आणि केबलवाल्याकडून डब्याचं सॉफ्टवेअर ताजं करून घ्या. तरीही हटत नसेल तर आम्हा मेकॅनिक लोकांचं जुनं हत्यार वापरा : अदलाबदल. तुमचा डबा शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावा, शेजाऱ्यांचा डबा तुमच्या टीव्हीला. तुमचा डबा तिकडेही रुसला तर केबलवाल्याला तो बदलून द्यायला लावा. शेजाऱ्यांचाही डबा तुमच्या सगळ्या पोर्टांवर रुसला तरच टीव्हीवर संशय घ्यायचा, आणि तेव्हाही पोर्ट दुरुस्त होतो. मदरबोर्ड गेलाय म्हणणाऱ्याला यातलं काय काय करून पाहिलं ते विचारा. आमच्याच धंद्यातला माणूस आहे म्हणून जास्त बोलत नाही.

प्रश्न : हॉलमध्ये नवा ५५ इंची फोर-के टीव्ही, बेडरूममध्ये जुना. एकच डबा दोन्हीकडे दिसावा म्हणून बाजारातून स्प्लिटर आणला. बेडरूमचा टीव्ही बंद असला की हॉलमध्ये चित्र झकास. बेडरूमचा चालू केला की दोन्हीकडे क्षणभर अंधार, मग कधी मेसेज, कधी हॉलमधलं चित्र भुरकट. स्प्लिटर खराब आहे का? — किराणा व्यापारी, सांगली

उत्तर : शेठ, स्प्लिटर आपलं काम चोख करतोय. दोन टीव्ही पुढे असले की दोघांचीही ओळख डब्यापर्यंत पोचवणं हे त्याचं कामच आहे. बेडरूमचा टीव्ही चालू झाला की डब्याला दुसरा गडी दिसतो, तो पहिल्यापासून सगळी विचारपूस परत करतो. तो तुमचा क्षणभराचा अंधार. मग त्याला कळतं की दोघांतला एक जुना आहे.

एचडीसीपीच्या दोन पिढ्या चालू आहेत. पहिली १.४ पर्यंतची. दुसरी २.२, फोर-केसाठीची, ती २०१२-१३च्या सुमारास आली. पहिल्या पिढीचं फक्त नाव पुढे चालवलं, आतलं कुलूप पूर्ण वेगळं केलं. जुन्या टीव्हीच्या पोर्टात नव्या किल्लीची चिपच नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेटने सहसा काही साधत नाही. फोर-केचं चित्र ‘नव्या कुलपाशिवाय देऊ नये’ असा शिक्का घेऊन आलेलं असेल तर डब्यापुढे दोनच वाटा राहतात : सगळ्यांना नकार, नाहीतर सगळ्यांना हलक्या प्रतीचं चित्र. तुम्हाला दोन्ही आलटून पालटून दिसतंय.

उपाय तीन आहेत. डब्याची सेटिंग कायमची १०८० वर बांधा. ५५ इंचीवर आठ-दहा फुटांवरून बसून क्रिकेट बघताना फरक शोधावा लागेल. नाहीतर बेडरूमला दुसरं कनेक्शन घ्या. तिसरा माझा आवडता : पुष्कळ डब्यांच्या मागे एव्हीचं एक गोल भोक असतं, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची तार लागते तिथलं. त्या जुन्या तारेवर एचडीसीपीचं राज्य चालत नाही. हॉलला एचडीएमआय, बेडरूमला एव्ही. चित्र साधं येईल, पण झोपताना मालिका बघायला रग्गड. एक लक्षात ठेवा, त्या गोल भोकातली जोडणी प्रत्येक कंपनीची निराळी असते. पिवळी पीन पिवळ्यात लावून चित्राऐवजी गुरगुर आली तर तार फेकू नका. तिन्ही पिना आळीपाळीने बदलून पाहा, एका मेळात चित्र आणि आवाज दोन्ही मिळतात.

फोर-के टीव्ही २०१३ ते १५च्या दरम्यानचा असेल तर आणखी एक बघा. त्या काळच्या पुष्कळ सेटांत नवं कुलूप एखाद्याच पोर्टाला दिलेलं असायचं. मागे पोर्टाशेजारी बारीक अक्षरात ‘एचडीसीपी २.२’ छापलेलं असतं. मोबाईलचा टॉर्च मारून वाचा.

प्रश्न : स्प्लिटरवरूनच विचारतो. एचडीसीपी काढूनच टाकणारे डबे ऑनलाइन मिळतात म्हणे, दीड-दोन हजारांत. घ्यावा का? मी पैसे भरून बघतो, मग मला कुलूप कशाला? — महाविद्यालयीन प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : सर, तुमचा राग रास्त आहे. पहिल्या पिढीच्या एचडीसीपीची मूळ गुरुकिल्लीच सप्टेंबर २०१०मध्ये जगजाहीर झाली. ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. म्हणजे ज्याला प्रती काढायच्या होत्या त्याची सोय तेव्हाच झाली. त्यानंतरही काळा पडदा बघतोय तो तुमच्यासारखा महिन्याचे पैसे वेळेवर भरणारा.

तरी तो डबा मी सुचवणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तुमचा तसा हेतू नाही, हे खरं. पण पोलिसांना आणि कोर्टाला ते पटवण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात एखादी वर्ल्ड कप स्पर्धा संपेल. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी हे बिनखात्याचे डबे दोन-चार महिन्यांत तापून बसतात, हा दुकानातला अनुभव. तुमची मूळ अडचण काय आहे ते लिहून पाठवा. बहुधा तार किंवा क्रमच निघेल.

प्रश्न : दादा, मी होस्टेलवर राहते. मोबाईल टीव्हीला जोडायला टाइप-सीचा साडेतीनशे रुपयांचा अडॅप्टर घेतला. फोटो, यूट्यूब सगळं दिसतं, पण पैसे भरलेलं सिनेमाचं ॲप लावलं की आवाज येतो आणि चित्र काळं! मैत्रीण म्हणते फोन रूट कर. — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : फोन रूट करू नकोस, म्हणजे कंपनीने घातलेले बंध तोडून त्याचा पूर्ण ताबा घेऊ नकोस. केलास तर ही ॲपं आणखी बिथरतील आणि बँकेची ॲपंही बंद पडतील.

टाइप-सीमधून चित्र बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. ज्या फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय आहे तो थेट खरं चित्र बाहेर देतो आणि एचडीसीपीची विचारपूसही नीट होते. ही सोय महागड्या फोनांत असते, स्वस्तातल्या बहुतेकांत नसते. मग साडेतीनशेचा अडॅप्टर काय करतो? तो आधी एक ॲप टाकायला लावतो, ‘स्क्रीन रेकॉर्ड करू का’ असं विचारतो आणि तुझ्या पडद्याचे सलग स्क्रीनशॉट काढून टीव्हीकडे ढकलतो. सिनेमाच्या ॲपमध्ये कधी स्क्रीनशॉट काढून बघितला आहेस? काळाच येतो. तोच काळा चौकोन टीव्हीवर दिसतोय. आवाजावर तसा पहारा नाही, म्हणून तो येतो.

टीव्ही स्मार्ट असेल तर त्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात कास्टचं चिन्ह शोध : टीव्हीचा चौकोन आणि कोपऱ्यात वायफायच्या तीन रेघा. ते दाबलं की फोन चित्र पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता देतो आणि टीव्ही स्वतः नेटवरून सिनेमा ओढतो. स्क्रीन मिररिंग निराळं, कास्ट निराळं. दुकानदार दोन्हींना एकच म्हणतात. टीव्ही साधा असेल तर सगळ्या मैत्रिणींनी वर्गणी काढून एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचायची आणि नेटवरून सिनेमा ओढणारी. त्याआधी तुझा प्लॅन बघ. तो ‘फक्त मोबाईल’वाला स्वस्त प्लॅन असेल तर कुठल्याही तारेने, कुठल्याही स्टिकने टीव्हीवर सिनेमा येणार नाही.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये छताला प्रोजेक्टर आहे. भिंतीतून पंधरा मीटरची एचडीएमआय केबल कन्सील केली आहे. लॅपटॉपवरून सर्वसाधारण सभेचे हिशेब छान दिसतात. स्ट्रीमिंग स्टिक लावली की चित्र येतं, जातं, येतं, जातं, आणि मग एचडीसीपीचा मेसेज. काही सभासदांचं म्हणणं भिंत फोडा, काहींचं म्हणणं प्रोजेक्टर बदला. — सोसायटीचे सेक्रेटरी, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही गटांना चहा पाजून गप्प बसवा. हिशेबाच्या तक्त्याला कुलूप नसतं, म्हणून लॅपटॉप चालतो. स्टिकवरच्या सिनेमाला असतं. वाईच्या ताईंना सांगितलेली दर दोन सेकंदांची विचारपूस इथे आठवा : येतं-जातं हा त्याचाच ठेका आहे. पंधरा मीटर तांब्याच्या तारेत १५-१६ नंबरवरचा संदेश वाटेतच मंदावतो. एकदा उत्तर पोचतं, एकदा पोचत नाही.

खात्री करायला शिडी घ्या आणि स्टिक थेट प्रोजेक्टरच्या पोर्टात खोचा. तिथे ती सुरळीत चालली तर गुन्हेगार भिंतीतली तार. मग ती स्टिक तिथेच राहू दे; हा सगळ्यांत स्वस्त उपाय. वीज मात्र प्रोजेक्टरच्या यूएसबीतून देऊ नका, बऱ्याचदा कमी पडते. तिचा स्वतःचा चार्जर वर न्या. आवाज ब्लूटूथने किंवा प्रोजेक्टरच्या ऑडिओ-आऊटमधून खाली आणा.

स्टेजवरूनच लावायचं असेल तर भिंत न फोडता जुन्या केबलला नवी बांधून पाइपातून ओढून घ्या, पण या वेळी तांब्याऐवजी काचतंतूची, म्हणजे फायबरची एचडीएमआय आणा. ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, आणि आमचे वायरमन लोक हमखास उलटी ओढतात. पाइपात घालायच्या आधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, सिनेमा लावून बघा. ओढताना पीन धरून ओढू नका, तार धरा, आणि कोपऱ्यात काटकोनात मोडू नका.

हॉलमध्ये सगळ्यांना सिनेमा दाखवण्याच्या परवान्याचा विषय वेगळा आहे. तो वकिलाला विचारा, मला नको.

प्रश्न : आमच्या लग्नाची १९९४ची व्हीएचएस कॅसेट आहे. मुलाने यूएसबीचं कन्व्हर्टर आणून कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली तर मधेच मेसेज : ‘हा व्हिडिओ कॉपी-संरक्षित आहे’, आणि रेकॉर्डिंग बंद. आमच्या लग्नावर कुणाचा कॉपीराइट? — गृहिणी, चिपळूण

उत्तर : वहिनी, लग्न तुमचंच आहे. यंत्राची फसगत झाली आहे, आणि ही फसगत माझ्या फार जिव्हाळ्याची. एचडीसीपी जन्मायच्या आधी कॅसेटच्या जमान्यात मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप होतं. १९८५पासून सिनेमांच्या कॅसेटांवर ते आलं. आपल्याकडच्या चित्राला ६२५ रेघा, त्यांतल्या ५७६ दिसतात. उरलेल्या न दिसणाऱ्या पट्टीत मॅक्रोव्हिजनवाले खोटे झटके भरून ठेवायचे. टीव्हीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण दुसरा व्हीसीआर कॉपी करू लागला की त्याचा चित्राची तीव्रता आपोआप सांभाळणारा भाग गडबडायचा. कॉपी कधी अंधारी, कधी भगभगीत. ज्यांनी त्या काळी डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरमधून टीव्हीला जोडला होता त्यांनी हा उजेड-अंधाराचा खेळ घरी बघितलेला असेल.

पुढे कॉम्प्युटरच्या कन्व्हर्टरांत हे झटके ओळखून काम थांबवणारी चिप आली. आता तीस वर्षांची झिजलेली टेप. तिच्या न दिसणाऱ्या पट्टीत नुसता कचरा भरलेला असतो, आणि चिपला तो कचराच मॅक्रोव्हिजन वाटतो. अक्षता पडायच्या आणि मेसेज यायचा.

काय करायचं ते सावकाश सांगतो, कारण कॅसेट दुसरी मिळणार नाही. आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. चिपळूणची हवा दमट. कडेवर पांढरी पावडर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. टेप चिकटून तुटते, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती या कामातल्या जाणकाराकडेच द्या.

कड काळी कुळकुळीत असेल तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एका ताणात बसलेली टेप सैलावते. व्हीसीआरचं हेड साफ करून घ्या. हे काम स्वतः करणाऱ्यांसाठी : आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला शॅमॉय चामड्याचा तुकडा ड्रमवर हलका टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. चामडं वर-खाली घासायचं नाही. हेडची टोकं नखाएवढीही नसतात, मोडली की व्हीसीआर भंगारात. कापूस तर अजिबात नको, त्याचे तंतू अडकतात. मग कॅसेट लावून ट्रॅकिंगचं बटण चित्राच्या तळाची फरफर कमीत कमी होईपर्यंत फिरवा. पुष्कळदा एवढ्यावर मेसेज गायब होतो.

नाही झाला तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. एकाच कॅसेटचं दोन यंत्रांवर वेगवेगळं वागणं मी नेहमी बघतो. त्यानंतरचा उपाय म्हणजे मधे टाइम बेस करेक्टर लावणं. हे यंत्र विस्कटलेला सिग्नल नव्याने बांधून पुढे देतं. ते महाग, पण कुणाकडे टेपवाला जुना डिजिटल कॅमकॉर्डर पडून असेल आणि त्याला एव्ही-इन असेल तर बऱ्याच मॉडेलांत तो हेच काम बऱ्यापैकी करतो : व्हीसीआरची तार कॅमेऱ्यात, कॅमेऱ्याची कॉम्प्युटरमध्ये. वेळ घालवू नका एवढंच. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६मध्ये थांबली. आता जी यंत्रं आहेत ती एकमेकांचे सुटे भाग काढून जगवलेली आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने तिकडून ब्लू-रे डिस्क आणि जुन्या डीव्हीडी पाठवल्या. इथल्या प्लेअरवर एकही चालत नाही. हीच का ती एचडीसीपी? — पनवेल

उत्तर : नाही, हा प्रांतवाद आहे. डीव्हीडीच्या हिशेबात अमेरिका १ नंबरचा प्रदेश, भारत ५ नंबरचा. ब्लू-रेच्या हिशेबात अमेरिका ‘ए’, आपण ‘सी’. डिस्कच्या वेष्टनावर छोट्या पृथ्वीच्या चित्रात तो आकडा किंवा अक्षर छापलेलं असतं. वेष्टनावर फोर-के अल्ट्रा एचडी असेल तर त्या डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं, पण मग प्लेअर त्या जातीचा हवा आणि टीव्हीच्या पोर्टाला एचडीसीपी २.२. मुलाला सांगा, पुढच्या खेपेला तिकडचा प्लेअर घेऊन ये. फक्त त्याच्या पाठीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघून. नुसतं १२० लिहिलेलं यंत्र इथल्या बोर्डात लावलं तर धूर निघेल.

प्रश्न : वळवाच्या पावसात गावात वीज पडली. टीव्ही चालू आहे, पण छत्रीचा डबा ज्या पोर्टात होता तिथे आता कधी ‘नो सिग्नल’, कधी एचडीसीपी. दुसऱ्या पोर्टात तोच डबा चालतो. चालू द्यावं की दुरुस्त करावं? — शेतकरी, राधानगरी

उत्तर : पाटील, थोडक्यात वाचलात. वीज गच्चीवरच्या छत्रीच्या तारेतून डब्यात, डब्यातून एचडीएमआयने टीव्हीत, असा तिचा प्रवास असतो, आणि वाटेत पहिला बळी पोर्टाजवळच्या बारीक चिपांचा जातो. तुमच्या पोर्टाचे चित्राचे मार्ग अर्धेमुर्धे जिवंत असतील, १५-१६ किंवा १९ची वाट भाजली असेल. म्हणून सारखा वेगवेगळा मेसेज. दुसरा पोर्ट चालतोय तर चालवा. भाजलेल्या पोर्टात मात्र काही लावू नका. आत शॉर्ट राहिला असेल तर चांगल्या डब्यालाही घेऊन जाईल. त्यावर चिकटपट्टी मारा, म्हणजे घरातलं कुणी विसरून पीन खोचणार नाही.

दुरुस्ती करायची तर संपूर्ण बोर्ड बदलायला तयार होऊ नका. पोर्ट आणि त्याच्यामागची चिप बदलून मिळते का ते दोन ठिकाणी विचारा. छत्रीच्या तारेला घरात शिरण्याआधी अर्थिंगचा ब्लॉक बसवून घ्या. आणि मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की नुसता बोर्ड बंद करून भागत नाही, डब्याच्या मागची छत्रीची तार हाताने फिरवून सोडवून ठेवा. कडकडाट सुरू व्हायच्या आधी. सुरू झाल्यावर त्या तारेला हात लावायचा नाही, टीव्ही गेला तरी चालेल.